वाऱ्याचा दिवस आणि फणसाडची वाट

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, आणि जंगल म्हणावे असे मोठे जंगलही नाही. आपल्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. पण मे महिन्यात तासभर सलग झाडांच्या सावलीतून चालता येईल अशी जागा आठही तालुक्यांत सहज सापडत नाही. आपल्या मुलांना 'निमसदाहरित वन' हा शब्द पाठ होतो, परीक्षेत त्याचे गुणही मिळतात, पण डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. वर्गात शिकवताना हे आम्ही दरवर्षी पाहतो.

कुरआनात धरतीवर फिरा आणि डोळे उघडे ठेवून पाहा, अशी शिकवण पुन्हा पुन्हा आली आहे. आपला प्रवास मात्र बहुधा लग्न, मय्यत, दवाखाना आणि फार तर खुलताबादची जियारत एवढ्यापुरता असतो. म्हणून या उन्हाळी सुट्टीत आम्ही ठरवले की मुलांना समुद्र दाखवायचा आणि अब्बांना जंजिरा. अब्बांनी सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. मलिक अंबरच्या गोष्टी मात्र त्यांनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, १६१० मध्ये वसवणारा हा हबशी वजीर निजामशाहीचा. त्या काळी जंजिराही निजामशाहीतच होता, आणि तिथले सिद्दीही मूळचे हबशीच. "अंबरच्या भाऊबंदांचा किल्ला पाण्यात कसा उभा आहे, ते एकदा पाहायचे," असे अब्बा नेहमी म्हणत.

समृद्धी महामार्गामुळे मराठवाड्यातून कोकण आता पूर्वीसारखे लांब राहिलेले नाही. आम्ही आदल्या दिवशी पनवेलला नात्यातल्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर सात जण एका गाडीत बसलो : अब्बा, आपा, दुल्हाभाई, आम्ही दोघे आणि मुले. गाडी दुल्हाभाईंच्या हातात होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, आणि त्या दिवशी पहाटेपासूनच वारा सुटला होता.

दोन कुंडलिका

पनवेल सोडल्यावर थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तिथले पक्षी अभयारण्य महामार्गाला लागूनच आहे. पुढे पेण, वडखळ, अलिबाग. अलिबागच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात. त्या सकाळी नारळाच्या झावळ्या एकाच दिशेला वळून फडफडत होत्या. मोकळ्या जागी गाडी आली की बाजूने वाऱ्याचा धक्का बसे, आणि दुल्हाभाई वेग कमी करत.

रेवदंड्याला खाडीवर पूल आहे. पुलावर मुलांनी पाटी वाचली आणि ओरडलीच : "कुंडलिका!" आपले जालना शहर ज्या नदीकाठी वसले आहे तिचेही नाव कुंडलिका. आपली कुंडलिका पूर्वेकडे जाते आणि गोदावरीच्या खोऱ्यात मिसळते. ही कुंडलिका सह्याद्रीत उगम पावून रोह्यावरून पश्चिमेला येते आणि इथे समुद्राला मिळते. नाव एक, नशीब वेगळे. आपल्या कुंडलिकेचे पात्र मे महिन्यात कसे असते ते जालनेकरांना सांगायला नको. इथे पुलाखाली पाणी काठोकाठ होते आणि वाऱ्याने त्यावर पांढरे फेस उठत होते. अब्बांनी काच खाली केली. "हे पाणी खारे असणार," ते म्हणाले, आणि पूल संपेपर्यंत बाहेर पाहत राहिले.

पुलापलीकडे कोर्लई, मग काशीद. काशीदला किनाऱ्यालगत सुरूचे बन आहे. उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला हिरवे डोंगर, असा रस्ता मुरूडपर्यंत जातो. डावीकडचे ते डोंगर म्हणजेच फणसाड. जाताना आमच्यापैकी कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते. सगळे समुद्र पाहत होते.

भूगोलाच्या तासाला आम्ही सांगतो की दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. मेच्या अखेरीस या रोजच्या वाऱ्यात पावसाळ्याआधीच्या पश्चिमेच्या वाऱ्यांची भर पडते. पुस्तकातली ती बाणांची आकृती त्या दिवशी मुलांनी अंगावर घेतली. रस्त्याकडेला उतरलो तर आपाची ओढणी सावरता सावरेना आणि अब्बांची टोपी दोनदा धावून आणावी लागली.

राजपुरीचा धक्का

जंजिऱ्याला जाण्यासाठी मुरूडच्या पुढे राजपुरीला जावे लागते. तिथून शिडाच्या होड्या निघतात. आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो तेव्हा होड्या दोरांना ताण देत एकमेकींवर आपटत होत्या. एक वयस्क होडीवाले धक्क्यावर बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहूनच हात हलवला.

"आज नाही. वारं फार आहे."

"दुपारी?" दुल्हाभाईंनी विचारले.

"दुपारी आणखी वाढेल. किल्ल्याला होडी लागत नाही चाचा, पायरीवर आपटते. माणूस चढणार कसा?"

जंजिऱ्याचा दरवाजा थेट पाण्यात आहे. होडीतून पायरीवर पाऊल टाकावे लागते आणि लाट वर-खाली होत असते. सत्तरीच्या माणसाला तिथे उतरवणे म्हणजे काय, हे धक्क्यावर उभे राहिल्यावर आम्हाला कळले. मुले हिरमुसली. आपा पुटपुटली, "हा वारा आजच सुटायचा होता!" अब्बांनी तिला थांबवले. वाऱ्याला वाईट बोलू नये, त्याच्यातली भलाई मागावी आणि वाईटापासून पनाह मागावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण त्यांनी आठवण करून दिली. वारा तर हुकुमाचा बंदा आहे, आणि कुरआनात पावसाआधीच्या वाऱ्यांना खुशखबर आणणारे म्हटले आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मृगाच्या आधी पश्चिमेचा वारा सुटला नाही तर आपल्याकडे झोप उडते.

अब्बा धक्क्यावर बराच वेळ उभे राहिले. समोर पाण्यात किल्ल्याची काळी तटबंदी आणि एकापाठोपाठ एक बुरूज दिसत होते. जंजिरा हे नावच अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, या शब्दावरून आले. चारी बाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. अब्बांनी तेवढेच दोनदा विचारून खात्री करून घेतली. "आत गोडे पाणी होते म्हणून किल्ला राहिला," ते म्हणाले. १९७२ च्या दुष्काळात ते विशीत होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आहे. किल्ला पाहतानाही त्यांच्या मनात आधी पाणी येते.

आता दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न होता. होडीवाल्या चाचांनीच सुचवले : "वाऱ्याच्या दिवशी दर्यावर कशाला थांबता? फणसाडला जा. नवाबसाहेबांचं जंगल."

नवाबांचे शिकारीचे रान

मुरूडच्या मशिदीत जोहरची नमाज मिळाली. आम्ही मुसाफिर, पण मुक्कामी इमामाच्या मागे असल्याने पूर्ण चार रकात पढलो. नमाजनंतर बाहेर जी बोली ऐकू आली ती मुलांना नवलाची वाटली. आपल्या घरात दखनी उर्दू. इथले मुसलमान घरात कोकणी बोलतात, जी मराठीला इतकी जवळची आहे की मुलांना अर्ध्याहून जास्त कळत होती. जेवायला तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटणातली मासळी मिळाली. आपली भाकरी ज्वारीची, त्यांची तांदळाची. थापायची पद्धत मात्र बरीच सारखी.

मुरूड ही जंजिरा संस्थानाची राजधानी. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात, त्या वेळच्या मुंबई राज्यात, विलीन झाले. गावाच्या उत्तरेला टेकडीवर नवाबांचा राजवाडा आहे. तो खासगी मालमत्ता असल्याने रस्त्यावरूनच पाहायचा. राजपुरीजवळच्या खोकरी गावात सिद्दी सुलतानांच्या दगडी कबरी आहेत. आणि किनाऱ्याच्या रस्त्यावरून दिसणारे ते जंगल म्हणजे नवाबांचे शिकारीचे रान होते. तिथे इतरांना झाड तोडायला किंवा जनावर मारायला मनाई असे. शिकार फक्त नवाबांची आणि त्यांच्या पाहुण्यांची.

संस्थान गेले, पण राखलेले जंगल शिल्लक राहिले. १९८६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला अभयारण्याचा दर्जा दिला. मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांच्या हद्दीत ते सुमारे ७० चौरस किलोमीटर पसरले आहे. लोक बोलताना सरसकट 'नॅशनल पार्क' म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात नियम जास्त कडक असतात, गुरे चारायलाही तिथे बंदी असते. अभयारण्यात आसपासच्या गावांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत आणि त्यांतले समुद्राच्या जवळचे एकच, मुंबईतले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. फणसाड हे अभयारण्य असले तरी समुद्राच्या इतक्या जवळ असे दाट जंगल आपल्या राज्यात फारसे उरलेले नाही.

मे महिन्यातले पाणी

काशीद आणि मुरूडच्या दरम्यान किनाऱ्याचा रस्ता सोडून आत वळले की सुपेगावकडे जाता येते. तिथे वनखात्याच्या नाक्यावर नावे लिहिली, ओळखपत्रे दाखवली, शुल्क भरले. खात्याचा एक तरुण कर्मचारी मोटारसायकलवर पुढे आणि आमची गाडी मागे, अशी आमची मिरवणूक निघाली.

पहिल्या वळणानंतरच वाऱ्याचा आवाज बदलला. किनाऱ्यावर वारा अंगावर येत होता. इथे तो डोक्यावरून जात होता. वर शेंडे हलत होते, खाली मात्र पान हलत नव्हते. मुलांना हे फार चमत्कारिक वाटले. झाडांची दाटी वाऱ्याचा जोर कसा मोडते हे त्यांना सांगावे लागले नाही. किनाऱ्यावर वनखाते सुरूची लागवड करते ती याचसाठी.

ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, साग अशी झाडे कर्मचारी ओळखवून देत होता. एका जागी मांडीएवढा जाड वेल झाडांना पिळे घालत वर गेला होता. तो गारंबीचा. त्याच्या शेंगा हातभराहून लांब असतात आणि आतल्या बिया चपट्या, गुळगुळीत. मुरूडजवळच्या गारंबी नावाच्या रानात नवाबांच्या काळात धरण बांधले गेले आणि त्याचे पाणी मुरूड शहराला मिळाले. हे ऐकून अब्बा पुढे सरकून बसले. जालन्यात जमशेदखानाने मोती तलाव बांधून शहराला पाणी दिले, ती गोष्ट त्यांनी कर्मचाऱ्याला ऐकवली. "पाणी देणाऱ्याचे नाव राहते बेटा," ते म्हणाले.

गाडी जाते तिथपर्यंत गाडीने आणि पुढे पायी आम्ही एका पाणवठ्यावर गेलो. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावे आहेत, आणि अभयारण्याचे नावही त्या फणसाडगाणीवरूनच पडले. मे महिना संपत आलेला, आणि झाडांच्या सावलीत पाणी होते. फार मोठे नाही, पण स्वच्छ आणि थंड. काठाच्या चिखलात सांबराच्या खुरांचे ठसे होते. अब्बा दगडावर बसले.

"इतके पाणी, आणि एकही घागर नाही," ते म्हणाले.

आम्हाला हसू आले, पण ते गंमत करत नव्हते. त्यांच्या आयुष्यात मे महिन्यातले पाणी म्हणजे रांग, टँकर, दोरी आणि भांडण. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने जे दिवस काढले ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. इथे पाणी होते आणि त्याच्यावर कोणाचा पहारा नव्हता. कर्मचाऱ्याने साध्या शब्दांत सांगितले : "बाबा, वर झाडं आहेत म्हणून खाली पाणी आहे. पानांचा थर पाऊस धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. वरची झाडं गेली की पाऊस दोन तासांत समुद्रात."

मुलांना बिबट्या पाहायचा होता. तो या जंगलात आहे, तसेच सांबर, भेकर आणि पिसोरीही आहेत. पण वाऱ्याच्या दिवशी जनावरे फारशी बाहेर येत नाहीत, असे कर्मचारी म्हणाला. पानांच्या सळसळीत त्यांना पाऊल ऐकू येत नाही आणि वास कुठून येतो ते कळत नाही. तरी शेकरू दिसले. आपल्या राज्याचा हा प्राणी, तांबूस-तपकिरी, झुपकेदार शेपटीचा, हलत्या फांदीवरून दुसऱ्या हलत्या फांदीवर उडी मारत गेला. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्या एकमेकींना लागून असतील तरच तो जगतो. मध्ये मोकळी जागा पडली की त्याचा रस्ता तुटतो.

फणसाडचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे गिधाडे. आम्हाला ती दिसली नाहीत, पण त्यांची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. गुरांना वेदनेसाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात पंधरा-वीस वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. जालन्याच्या शिवारात आमच्या लहानपणी ढोर मेले की गिधाडे उतरत. आमच्या मुलांनी ती फक्त चित्रात पाहिली आहेत.

तीन दगडांची चूल

असरची वेळ जंगलाच्या कडेला, एका मोकळ्या जागेवर झाली. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला. जानमाज वाऱ्याने उडू लागली तेव्हा मुलांनी चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. कसरचे दोन रकात पढून आम्ही परत निघालो.

दोन वळणे गेल्यावर कर्मचाऱ्याची मोटारसायकल एकदम थांबली. रस्त्यापासून थोडे आत तीन दगडांची चूल पेटलेली होती, तिच्यावर पातेले होते आणि भोवती सहा-सात तरुण बसले होते. ते कोणत्या गावचे, कोणत्या समाजाचे, हे लिहिण्यात अर्थ नाही. सहलीला गेल्यावर उघड्यावर चूल मांडून बिर्याणी शिजवणे ही आपल्या सगळ्यांचीच हौस आहे. कर्मचारी ओरडत त्यांच्याकडे धावेपर्यंत वाऱ्याने चुलीतले निखारे मागच्या वाळक्या पानांत नेले होते.

वाळक्या पानांची आग मोठा आवाज करत नाही. ती जमिनीलगत सरकते, आणि वारा पाठीमागे असला की माणसाच्या चालीपेक्षा लवकर सरकते. कर्मचाऱ्याने ओली फांदी तोडून झोडपायला सुरुवात केली आणि आम्हाला पुढच्या बाजूची पाने ओढून मातीची पट्टी मोकळी करायला सांगितले. उन्हाळ्याआधी वनखाते अशाच रुंद पट्ट्या साफ करते, त्यांना जाळरेषा म्हणतात. दुल्हाभाई, आम्ही आणि ते तरुणही पायांनी, हातांनी पाने ओढू लागलो. आपाने गाडीतला पाण्याचा कॅन आणला. अब्बा मुलांना घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

वीस मिनिटांत आग आटोक्यात आली. एका वर्गखोलीएवढी जागा काळी झाली होती. धुराने डोळे चुरचुरत होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. त्या तरुणांतल्या एकाने पातेले तसेच पालथे करून उरलेले निखारे मातीने बुजवले. काळ्या जागेच्या कडेला, दोन हातांवर, वाळक्या पानांवर उघडीच ठेवलेली दोन ठिपक्यांची अंडी कर्मचाऱ्याला दिसली. रातव्याची. हा पक्षी घरटे बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालतो आणि पानांच्या रंगात मिसळून बसतो. "मागे व्हा सगळे," तो हळूच म्हणाला, "आपण गेलो तर ती परत येईल."

आम्ही मागे झालो. रस्त्यावर आल्यावर अब्बांनी मुलांना आणि त्या तरुणांनाही एक हदीस सांगितली. एका सफरीत सोबत्यांनी एका पक्ष्याची पिल्ले उचलली, तेव्हा पैगंबरांनी (स.) ती परत ठेवायला लावली, आणि जाळलेले मुंग्यांचे वारूळ पाहून, आगीची शिक्षा देण्याचा हक्क आगीच्या मालकाखेरीज कोणाला नाही, असे बजावले. तरुण मान खाली घालून ऐकत होते. कर्मचाऱ्याने त्यांची नावे लिहून घेतली. पुढची कारवाई खात्याची.

परतताना त्याने ३ जून २०२० ची आठवण सांगितली. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा होता. मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. अनेक घरांची रोजी त्या दुपारी गेली. "वादळ थांबवणं आपल्या हातात नाही," तो म्हणाला, "चूल विझवणं आहे."

शिकारखाना आणि हिमा

परतीच्या वाटेवर गाडीत चर्चा झाली ती नवाबांची. नवाबांनी जंगल राखले म्हणून आज ते आहे, हे खरे. पण त्यांनी ते शिकारीसाठी राखले, हेही खरे. मुलाने विचारले, "मग ते चांगले केले की वाईट?"

इस्लामी इतिहासात राखीव रानाची स्वतःची परंपरा आहे. तिला 'हिमा' म्हणतात. इस्लामपूर्व काळात अरबी सरदार चांगले कुरण आपल्यासाठी बळकावत. पैगंबरांनी (स.) ही वैयक्तिक मक्तेदारी मोडली, मदिनेजवळचे नकीअ हे कुरण सार्वजनिक कामाच्या जनावरांसाठी राखले आणि मदिनेच्या हरमच्या हद्दीत झाड तोडण्यास व शिकारीस मनाई केली. हजरत उमर (रजि.) यांनी हुनैय नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या सेवकाला हिमावर राखणदार नेमले, तेव्हा त्याला दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. तिचा आशय असा : ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या बकऱ्या आहेत त्याला आत येऊ दे, बड्या सहाबांचे मोठे कळप मात्र अडव. कारण श्रीमंताची जनावरे मेली तर तो शेती आणि खजुराच्या बागांवर जगेल, गरिबाची मेली तर तो मुलाबाळांसह दारात येऊन उभा राहील.

शिकारखाना आणि हिमा यांतला फरक हाच आहे. दोन्हीकडे झाड राखले जाते. शिकारखान्यात ते एका माणसाच्या हौशीसाठी राखले जाते. हिमामध्ये जनावरांसाठी, गरिबांसाठी आणि उद्या येणाऱ्यांसाठी. फणसाड नवाबांकडून शासनाकडे आले, आणि कायद्याने ते आता आपल्या सगळ्यांची अमानत आहे. राखणदार एक असतो आणि येणारे शेकडो. त्यांच्यातला प्रत्येक जण थोडा राखणदार झाला नाही तर कायद्याचा कागद जंगल वाचवू शकत नाही.

आपल्या गावातली हिमा

फणसाडला जायचे असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात हा चांगला काळ. सुपेगावच्या नाक्यावर परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ असावे, खात्याचा माणूस किंवा वाटाड्या सोबत घ्यावा. डबा घरून न्यावा किंवा मुरूडला जेवावे. जंगलात चूल, गॅस, सिगारेट काहीही पेटवू नये. प्लॅस्टिकची एक पिशवी कचऱ्यासाठी गाडीत ठेवावी, कारण वाऱ्याच्या दिवशी हातातून सुटलेला कागद परत मिळत नाही. गाणी बंद ठेवावीत. जंजिऱ्याचा बेत असेल तर आधी होड्या चालू असल्याची खात्री करावी, आणि होडीवाला नाही म्हणाला तर हट्ट धरू नये.

पण प्रत्येकाला फणसाडला जाता येणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत मुसलमानांच्या हातात एक जमीन असते जिच्यावर कोणी नांगर घालत नाही, घर बांधत नाही. ती म्हणजे कब्रस्तान. अनेक गावांत मोठी जुनी कडुनिंबे आज तिथेच उभी आहेत. तिला कुंपण आहे का? तिथली झाडे कोण मोजतो? पंचकमिटीच्या बैठकीत भिंत आणि गेट यांवर चर्चा होते, झाडांवर होत नाही.

मृग तोंडावर आहे. प्रत्येक जमातीने कब्रस्तानाच्या कडेने कडुनिंब, चिंच, वड, जांभूळ अशी आपल्या मातीतली दहा रोपे लावावीत, आणि प्रत्येक रोप एका मुलाच्या नावे करावे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या खात्यावर सदका आहे, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी गटारात जाते. थोडी चर काढली तर ते झाडांना जाईल. आणि नळ अर्धाच उघडला तर पाणीही वाचेल, पैगंबरांचा (स.) वुजू साधारण एक मुद्द पाण्यात होत असे. वाळलेला पाला पेटवून कब्रस्तान 'साफ' करण्याची पद्धत मात्र बंद करावी. तो पाला झाडांच्या बुडाशी पसरला तर पहिल्या पावसाचे पाणी तोच धरून ठेवतो.

आमच्या गावच्या कब्रस्तानात या जुम्याला खड्डे खणायला घेतले आहेत. पहिला खड्डा अब्बांनी मागून घेतला. त्या खड्ड्यात कोणते झाड लावायचे यावर घरात अजून एकमत झालेले नाही : अब्बांना कडुनिंब हवा आहे आणि मुलांना जांभूळ. वाचकांनीही आपल्या गावी काय लावले ते संपादकांना जरूर कळवावे. अल्लाह यंदा वेळेवर आणि पुरेसा पाऊस देवो, आमीन.